भोंगा खोटा, भीती खरी



आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका पुण्यात एकट्या राहतात. वय ७८. सारी सोसायटी त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखते. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियाहून आला आणि परत जाण्यापूर्वी आईच्या घरात सुरक्षिततेची सगळी सोय करून गेला. दाराला सेन्सर, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा सेन्सर, स्वयंपाकघरात धूर आणि गॅस ओळखणारी दोन यंत्रे, दाराबाहेर कॅमेरा आणि गळ्यात घालायचे तातडीचे बटण. हेतू प्रेमाचा होता, खर्चही भरपूर झाला होता.

पाऊस सुरू झाला आणि भोंगा वाजू लागला. एकदा रात्री अडीच वाजता सेन्सरवरून पाल गेली म्हणून. एकदा ओलीने फुगलेले दार नीट बसले नाही म्हणून. एकदा लाल मिरचीच्या फोडणीने. डासांसाठी फवारा मारला की गॅसचे यंत्र हमखास ओरडे. दर वेळी वरचे-खालचे शेजारी जिन्यात जमत, वॉचमन धावत येई आणि पाठोपाठ मुलाचा फोन, “आई, आता पुन्हा काय झालं?” पाचव्या वेळेनंतर बाईंनी कोणालाही न सांगता मुख्य यंत्रणा बंद करून टाकली. गॅसच्या यंत्राचा प्लग काढला आणि तिथे मोबाइलचा चार्जर लावला.

दिवाळीनंतर एका सकाळी कामाच्या मावशी दारातच थबकल्या. घरभर गॅसचा वास होता. शेगडीचे एक बटण अर्धवट उघडे राहिले होते आणि बाई दिवाणखान्यात निवांत वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्यांना वास आलाच नव्हता. मावशींनी दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाईंना हाताला धरून बाहेर आणले. पुढचे सारे टळले.

बाईंना वास का आला नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण वयाबरोबर दृष्टी आणि श्रवणशक्तीप्रमाणेच वास घेण्याची शक्तीही मंदावते. ती इतकी हळूहळू मंदावते की त्या व्यक्तीच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. म्हणजे गॅस ओळखणाऱ्या यंत्राची ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांच्याच घरात ते यंत्र खोट्या ओरडण्यामुळे बंद पडले होते. म्हणूनच आजच्या लेखाचा विषय आहे घरातील धोक्याच्या घंटा आणि त्यांचे खोटे बोलणे. ते थांबवणे बहुतांशी आपल्या हातात असते.

खोटा गजर आपले काय करतो?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. त्या गोष्टीत गावकरी दुष्ट नव्हते, ते थकले होते. वैद्यकक्षेत्रात या थकव्याला ‘अलार्म फटीग’ असे नाव आहे. अमेरिकेत रुग्णालयांचे मानांकन करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये याविषयी खास इशारा दिला होता. रुग्णालयांत वाजणाऱ्या गजरांपैकी ८५ ते ९९ टक्के गजरांच्या वेळी प्रत्यक्ष उपचाराची गरजच नसते, असा अंदाज त्यात नोंदवला होता. इतके व्यर्थ गजर ऐकून प्रशिक्षित परिचारिकांचेही कान बधिर होतात, आवाज कमी केला जातो आणि नेमका खरा गजर निसटतो. जिथे प्रशिक्षित माणसांचे असे होते, तिथे घरातल्या एकट्या वृद्ध व्यक्तीने बटण बंद केले तर तिला दोष कसा द्यावा?

शरीरावरचा परिणामही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गाढ झोपेतून भोंग्याने जाग आली की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम वाढतात, आणि मन मात्र काही क्षण अर्धवट झोपेतच असते. अशा वेळी माणूस धडपडत उभा राहतो. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असताना, चटकन उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. खोली काळोखी, चष्मा सापडत नाही, पायात सतरंजी अडकते. चोर आलेला नसतो, पण खुब्याचे हाड मोडण्याचा धोका पूर्णपणे खरा असतो.

तिसरा परिणाम मनावरचा. वारंवार खोटा गजर झाला की घरच्यांच्या बोलण्यात नकळत एक सूर येतो, ‘आता आईला झेपत नाही’. मग आईलाही तसेच वाटू लागते. प्रत्यक्षात बाईंच्या घरातल्या प्रत्येक खोट्या गजरामागे यंत्राची जागा, हवामान किंवा निवड यांची चूक होती. विस्मरणाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. घरातील ज्येष्ठांना काही बोलण्याआधी यंत्राकडे पाहावे, एवढी एकच गोष्ट या लेखातून घेतली तरी पुरे.

यंत्रे फसतात कशी?

हालचाल टिपणारा सेन्सर माणूस ओळखत नाही. शरीरातून बाहेर पडणारी उष्णता त्याच्यासमोरून सरकली की तो जागा होतो. त्यामुळे उन्हाने तापलेला पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलला, मांजर सोफ्यावरून उडी मारून गेली किंवा पाल थेट काचेवर येऊन बसली, तरी त्याला माणूस आल्यासारखे वाटते. तो खिडकीसमोर, कूलरसमोर किंवा थेट ऊन येते तिथे बसवू नये. जमिनीपासून साधारण दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात बसवावा. त्याच्या आसपास ट्यूबलाइट असेल तर किडे येतात, किड्यांमागे पाली येतात. दर पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ कापडाने त्यावरचे कोळ्याचे जाळे पुसावे.

दाराच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि एक छोटा स्विच असतो. दोघांमधले अंतर वाढले की ‘दार उघडले’ असा संदेश जातो. आपल्याकडे लाकडी दारे पावसाळ्यात फुगतात आणि पूर्ण बसत नाहीत. मृगाच्या आधी सुताराला बोलावून दार तासून घ्यावे, बिजागऱ्या घट्ट करून घ्याव्यात आणि चुंबक सरकला असेल तर तंत्रज्ञाकडून पुन्हा नीट लावून घ्यावा.

धुराचे यंत्र स्वयंपाकघरात ओट्याजवळ लावणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. आपल्या स्वयंपाकात फोडणी आहे, भाजणी आहे, तळण आहे. धुराचे यंत्र शेगडीपासून किमान तीन मीटर दूर असावे. लहान घरात तेवढी जागा नसेल तर स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारे यंत्र लावावे आणि धुराचे यंत्र शयनगृहाबाहेर ठेवावे. देवघर आणि न्हाणीघराचे दार यांच्या अगदी वरही ते नको, कारण उदबत्तीचा धूर आणि गरम पाण्याची वाफ दोन्ही त्याला फसवतात. धुराची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. प्रकाशकिरणावर चालणारे ‘फोटोइलेक्ट्रिक’ यंत्र स्वयंपाकाच्या धुराने तुलनेने कमी फसते, तेव्हा खरेदी करताना तेच मागावे. दिवाळीच्या साफसफाईत किंवा रंगकामात ते पिशवीने झाकले असेल, तर त्याच संध्याकाळी आठवणीने उघडावे. अशी यंत्रे दहा वर्षांनंतर बदलायची असतात.

गॅसच्या यंत्राबाबत एक गोष्ट अवश्य तपासावी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यासाठीचे यंत्र जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर असायला हवे. नळाने येणारा पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असून वर जातो, म्हणून त्याचे यंत्र छताजवळ असते. पुण्या-मुंबईत अनेक घरांत सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, पण यंत्र मात्र जुन्या जागीच राहिले. आपल्या घरी असे झाले आहे का, ते आजच पाहावे. यंत्र नव्या गॅससाठी चालते का, हेही विचारून घ्यावे. डासांचा फवारा, अत्तर, सॅनिटायझर, स्पिरिट यांच्या वाफांनी ही यंत्रे फसतात. फवाऱ्याऐवजी खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी लावली, तर यंत्र शांत राहते आणि दमा असणाऱ्यांची छातीही. या यंत्रांतील सेन्सरला ठरावीक आयुष्य असते. खोक्यावरची मुदत पाहून बदलण्याची तारीख यंत्रावरच लिहून ठेवावी.

कॅमेऱ्याचा त्रास बहुधा दूरच्या मुलांना होतो. गाडीचे दिवे, पावसाच्या सरी, रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशाकडे झेपावणारे किडे, प्रत्येकाची सूचना फोनवर येते. मग ती पाहणे बंद होते. कॅमेऱ्याच्या चित्रातला फक्त दारापुढचा भाग ‘लक्ष ठेवण्याचा’ म्हणून निवडता येतो. ती सोय वापरावी, रस्ता वगळावा.

शेवटी वीज आणि बॅटरी. वीज वारंवार जाते तिथे यंत्रणेची राखीव बॅटरी थकते आणि वीज आल्यावर भोंगा विनाकारण वाजू शकतो. ही बॅटरी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावी.

आधी माणूस, मग यंत्र

यंत्रणा बसवणारा तंत्रज्ञ भिंती मोजतो. घरातल्या माणसाच्या प्रकृतीची माहिती त्याला आपण द्यायची असते.

पहिली गोष्ट ऐकण्याची. वयानुसार प्रथम बारीक, तीव्र स्वर ऐकू येईनासे होतात. दार उघडल्यावर यंत्रणा ‘टीं टीं’ करून आकडे दाबण्याची आठवण देते, तो आवाज नेमका याच पट्टीतला असतो. आजोबांना तो ऐकू येत नाही, ते निवांत चपला काढतात आणि अर्ध्या मिनिटात भोंगा सुरू होतो. उपाय सोपा आहे. आकडे दाबण्यासाठीची मुदत वाढवून घ्यावी आणि आवाजाबरोबर लुकलुकणारा दिवा लावून घ्यावा. धुराच्या यंत्राचा नेहमीचा स्वर सुमारे ३,००० हर्ट्झचा असतो. ५२० हर्ट्झच्या खर्जातल्या भोंग्याने झोपलेल्या वृद्धांना अधिक खात्रीने जाग येते, असे दिसून आले आहे. शिवाय उशीखाली ठेवून थरथरणारी साधनेही मिळतात. श्रवणयंत्र वापरणारी व्यक्ती रात्री ते काढून ठेवते, हे विसरू नये. बॅटरी संपत आल्याची बारीक ‘चिक्’ शेजाऱ्यांना ऐकू येते आणि घरमालकाला येत नाही, हा अनुभव पुष्कळांचा असेल.

दुसरी गोष्ट रात्रीच्या उठण्याची. प्रोस्टेटचा त्रास, मधुमेह किंवा लघवी वाढवणारे औषध असेल तर रात्री दोन-तीनदा उठावे लागते. अशा घरात रात्री ‘घरी’ किंवा ‘स्टे’ ही व्यवस्थाच लावावी. तीत फक्त दारे-खिडक्या पहाऱ्यात राहतात, आतल्या हालचालींवर भोंगा वाजत नाही. भोंगा वाजेल या भीतीने लघवी रोखून पडून राहणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. डॉक्टरांनी नवे औषध दिले की आपण पथ्य विचारतो, तसेच घरातली ही व्यवस्थाही एकदा तपासावी.

तिसरी गोष्ट स्मृतिभ्रंशाची. अशी व्यक्ती रात्री दार उघडून बाहेर जाऊ नये म्हणून दाराला सेन्सर लावणे योग्यच आहे. पण तिथे मोठा भोंगा नको. तो त्या व्यक्तीला भेदरवतो, कधी चिडवतो. दार उघडताच काळजी घेणाऱ्याच्या खोलीत मृदू घंटी वाजावी, एवढे पुरे. हाक प्रेमाची असली की ती व्यक्ती सहज परत फिरते.

चौथी गोष्ट अंगावर घालायच्या बटणाची. कुशीवर वळताना, कणीक मळताना ते चुकून दाबले जाते. दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागणारे बटण घ्यावे. पडणे ओळखणारी घड्याळे सोफ्यावर धपकन बसल्यानेही फसू शकतात, भजनात जोरात टाळ्या वाजवल्यानेही. मात्र अशी बहुतेक घड्याळे आधी विचारतात आणि नकार द्यायला थोडा वेळ देतात. तो नकार कसा द्यायचा, याचा सराव मुलांनी आई-वडिलांकडून चार-पाच वेळा करून घ्यावा, घाई न करता.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. खोटे गजर टाळायचे म्हणून खरे बटण दाबायला कचरू नये. छातीत दुखते आहे, चक्कर येते आहे, दाराशी कोणी अनोळखी खटपट करतो आहे, अशी शंका जरी आली तरी बटण दाबावेच. शंकेने दाबलेले बटण म्हणजे खोटा गजर नाही. त्यासाठी माफी मागण्याचे कारण नाही.

वाजलाच तर?

भोंगा वाजला की आधी पलंगावरच उठून बसावे. दिवा लावावा, चष्मा घालावा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून चार-पाच शांत श्वास घ्यावेत आणि मग आधार धरून उभे राहावे. धूर दिसत असेल तर मात्र विलंब न करता, आधार धरत बाहेर पडावे. पलंगाशेजारी बॅटरी आणि फोन ठरलेल्या जागी असावेत.

गॅसचे यंत्र वाजले किंवा गॅसचा वास आला, तर विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. दिवा लावू नये, चालू असलेला मालवूही नये, वाजणाऱ्या यंत्राचा प्लगही ओढू नये. हाताशी असेल तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन मग फोन करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावावेत. पाइपचा गॅस असेल तर आपल्या पुरवठादाराचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो, तोही तिथेच लिहावा. ज्येष्ठ नागरिकांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डर लाइन’ सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत उपलब्ध असते.

मुले परदेशी असतील तर यंत्रणेचा पहिला फोन त्यांना जाऊ नये. आपली रात्र म्हणजे अमेरिकेतला दिवस, मुलगा कामात असेल, आणि असला तरी हजारो मैलांवरून तो दार उघडू शकत नाही. यादीत पहिले नाव किल्ली असलेल्या शेजाऱ्यांचे असावे, दुसरे त्याच गावातल्या नातलगाचे, तिसरे मुलाचे. शेजाऱ्यांना एखाद्या संध्याकाळी चहाला बोलावून हे सारे समजावून सांगावे. भोंगा वाजल्यावर पहिली ओळख होणे बरे नाही.

पंधरा दिवसांची वही

आता एक छोटा गृहपाठ. पुढचा अंक हाती येईपर्यंत यंत्रणेजवळ एक वही आणि दोरीला बांधलेले पेन ठेवावे. गजर वाजला की चार गोष्टी लिहाव्यात. दिवस व वेळ, कोणते यंत्र, त्या क्षणी घरात काय चालले होते, आणि हवा कशी होती. कोणाची चूक, हा रकाना वहीत ठेवूच नये. पंधरा दिवसांत वहीच सांगू लागते. दर वेळी दुपारी चार वाजता? मग पश्चिमेचे ऊन. दर शनिवारी सकाळी? मग फवारा किंवा फरशी पुसण्याचे द्रव्य. ही वही हाती दिली की तंत्रज्ञही नेमके काम करतो.

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन प्रत्येक यंत्र तपासणीचे बटण दाबून वाजवून पाहावे. ज्येष्ठांनी ते स्वतः करावे. ज्या यंत्राला आपण स्वतः वाजवतो आणि स्वतः शांत करतो, त्याची भीती उरत नाही.

बाईंनी अशीच वही ठेवली. वर्गाची हजेरी घ्यावी तशी, समासासकट. तीवरून हालचालीचा सेन्सर ट्यूबलाइटपासून दूर गेला, धुराचे यंत्र ओट्यावरून शयनगृहाबाहेर आले, सुताराने दार तासले, खिडक्यांना जाळ्या लागल्या. मुलाने फोनवर “आई, काय केलंस?” ऐवजी “आई, वहीत काय आहे?” असे विचारायला सुरुवात केली. गॅसचे यंत्र आता जमिनीलगतच्या प्लगवर आहे. मोबाइलच्या चार्जरला दुसरी जागा मिळाली आहे, आणि त्या प्लगवर बाईंच्या वळणदार अक्षरांतली चिठ्ठी चिकटवलेली आहे, ‘हा काढू नये’.